टर्मिनलवरून फोटो बारीक करताना: आधी मापं, मग क्वालिटी

मालवणजवळ माझी मामेबहीण होमस्टे चालवते. तिच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे आहे, म्हणजे घरचं काम, बिनपगारी. मागच्या सीझनआधी तिने ३१२ फोटो काढून ठेवले: खोल्या, अंगण, सोलकढीचे पेले, समुद्र. सगळे मिळून १.३ जीबी. ते तसेच साइटवर चढवले असते तर मोबाइलवर पान उघडेपर्यंत पाहुण्याने दुसरीकडे बुकिंग केलं असतं. एकेक फोटो ऑनलाइन कम्प्रेसरवर टाकून उतरवून घ्यायला दोन दिवस गेले असते, आणि घरचे फोटो कुणाच्या तरी सर्व्हरवर गेले असते ते वेगळंच. तिच्या जुन्या लॅपटॉपवर मी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकून दिलेलं होतं. म्हटलं, टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघड, मी फोनवर सांगतो.

या लेखातल्या आज्ञा मी फोनवर सांगितल्या तशाच लिहिल्या आहेत, देवनागरीत. तुम्ही त्या रोमन लिपीत, सगळी अक्षरं छोटी ठेवून टाइप करायच्या आणि आकडे इंग्रजी घालायचे. दोन आकड्यांच्या मधे जिथे 'एक्स' दिसेल तिथे छोटा एक्स. डॅश, बरोबरचं चिन्ह, तारा, अवतरणचिन्हं ही जशी दिसतात तशीच. ओळीत जिथे जागा सोडली आहे तिथे जागा सोडायची, नाही तिथे नाही. यातल्या निम्म्या चुका जागेच्याच असतात.

हत्यारं

उबुंटू किंवा डेबियन हे लिनक्स असेल तर एकाच ओळीत सगळं येतं; त्यातला इमेजमॅजिक मापं बदलतो, बाकीचे फाइली हलक्या करतात:

सुडो एपीटी इन्स्टॉल इमेजमॅजिक जेपेगऑप्टिम पीएनजीक्वांट ऑप्टिपीएनजी वेबपी

मॅकवर होमब्रू (प्रोग्राम बसवायचं साधन) असेल तर सुरुवातीचे तीन शब्द 'ब्रू इन्स्टॉल' असे होतात, पुढची नावं तीच. विंडोजवर मी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) लावून त्यात उबुंटू चालवायला सांगतो. नुसतं इमेजमॅजिक विंडोजवर थेटही बसतं, पण एक गंमत लक्षात ठेवा. इमेजमॅजिकची जुनी आज्ञा 'कन्व्हर्ट', आणि विंडोजमध्ये त्याच नावाचा स्वतःचा एक प्रोग्राम आधीपासून आहे. तो फोटोला हात लावत नाही, डिस्कची फाइल सिस्टीम बदलतो. म्हणून विंडोजवर नेहमी 'मॅजिक' या शब्दाने सुरुवात करायची; स्पेलिंगच्या शेवटी सी आणि के दोन्ही आहेत. लिनक्सवर इमेजमॅजिकची सहावी आवृत्ती असेल तर 'मॅजिक' सापडणार नाही, तिथे 'कन्व्हर्ट'च वापरायचं. 'मॉग्रिफाय' आणि 'आयडेंटिफाय' या दोन आज्ञा लिनक्सवर नेहमीसारख्या चालतात.

वजन कशाचं असतं

फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा असतो. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले तर ३६ एमबी होतात. फोन तुमच्या हातात देतो ती फाइल चारेक एमबीची. म्हणजे फोनने आधीच बरंच पिळून घेतलेलं आहे.

हे पिळणं चालतं कसं ते एकदा समजून घेतलं की पुढच्या निम्म्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. जेपेग (फोटो साठवण्याचा नेहमीचा प्रकार, फाइलीच्या नावाच्या शेवटी 'जेपीजी' असतं तो) आधी चित्राचा उजेड आणि रंग वेगळे काढतो. आपल्या डोळ्याला उजेडातला फरक चटकन कळतो, रंगातला तितका नाही, म्हणून रंगाची माहिती बहुतेकदा दोन्ही दिशांनी अर्धी करून टाकतात. मग चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोन लहरींच्या भाषेत लिहिला जातो: किती भाग सपाट, किती भाग हळूहळू बदलणारा, किती भाग बारीक खडबडीत. शेवटी त्या खडबडीत भागाचे आकडे ठोकळमानाने लिहितात. बरेचसे शून्य होतात, आणि शून्यांची रांग लिहायला जागा लागत नाही. तुम्ही 'क्वालिटी' म्हणून जो आकडा देता तो हे ठोकळमान किती ढोबळ ठेवायचं ते सांगतो. तो टक्का नव्हे. ८० म्हणजे ८० टक्के फोटो उरला असं काही नसतं.

लहरींच्या भाषेत लिहिण्याची ही युक्ती बंगळुरात जन्मलेल्या नासिर अहमद यांची. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात असताना १९७२ मध्ये त्यांनी या कामासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला. कल्पना फारच साधी आहे म्हणून तो नाकारला गेला. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी त्यावरचा निबंध १९७४ मध्ये छापला. जेपेगचं प्रमाण आलं १९९२ मध्ये, आणि आज तुमच्या फोनमधला जवळजवळ प्रत्येक जेपीजी त्या 'फारच साध्या' गणितावर उभा आहे.

आता मुद्दा असा, की बहुतेक लोक फोटो जड दिसला की थेट क्वालिटी खाली ओढतात. ८०, ६०, ४०, आणि आकाशात चौकोन दिसायला लागले की थांबतात. त्याआधी मापं बघा. ४००० बाय ३००० म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. तोच फोटो १६०० बाय १२०० केला तर उरतात १९ लाख २० हजार, सहाव्या हिश्शाहूनही कमी. वेबसाइटवर तो फोटो कधी त्याहून मोठा दिसणारच नसेल तर बाकीचे ठिपके नुसते ओझं आहेत. मापं आधी, क्वालिटी नंतर. बहिणीच्या ३१२ फोटोंचं काम मापांनीच केलं, क्वालिटीला मी फारसा हात लावलाच नाही.

पहिली पायरी: मूळ फोटोंना हात लावायचा नाही

फोटोंच्या फोल्डरमध्ये जा (सीडी, मग जागा, मग फोल्डरचं नाव) आणि आत एक रिकामं फोल्डर करा:

एमकेडीआयआर वेब

ही ओळ मी आता झोपेतही चुकवत नाही, कारण एकदा चुकवली होती. 'मॉग्रिफाय' ही आज्ञा फाइलीच्या जागीच काम करते. म्हणजे जुनी फाइल जाते, तिच्या जागी नवी येते, आणि टर्मिनलला कचऱ्याची टोपली नसते. एका लग्नाच्या फोटोंचं मी असंच सहाशे ठिपक्यांचं पोस्टकार्ड करून ठेवलं होतं. फोटोग्राफरकडे हार्ड डिस्क शिल्लक होती म्हणून नातं टिकलं. जेपेगऑप्टिमही, वेगळं सांगितलं नाही तर, मूळ फाइलच बदलतो.

फोल्डर झालं की आत काय आहे ते बघून घ्या:

आयडेंटिफाय *.जेपीजी

प्रत्येक फाइलीसमोर तिची मापं आणि वजन येतं. इथेच दोन गोष्टी उघड होतात. एक, कॅमेऱ्यातल्या फाइलींच्या नावाचा शेवट बऱ्याचदा मोठ्या अक्षरांत असतो, आणि लिनक्सला मोठं अक्षर आणि छोटं अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. त्या फाइली या यादीत दिसणारच नाहीत. दोन, व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेल्या फोटोंचा शेवट कधी 'जेपीजी' न असता 'जेपीईजी' असतो. त्यांच्यासाठी ओळ वेगळी द्यायची. पण व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून आलेली फाइल आधीच लहान केलेली असते. तिला आणखी पिळून हाती काही लागत नाही, फक्त चेहरे मेणाचे दिसायला लागतात. मूळ फोटो हवा असेल तर पाठवणाऱ्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

दुसरी पायरी: खरी ओळ

मॉग्रिफाय -पाथ वेब -ऑटो-ओरिएंट -रिसाइझ '१६००एक्स१६००>' -स्ट्रिप -क्वालिटी ८० *.जेपीजी

डावीकडून उजवीकडे वाचू. '-पाथ वेब' म्हणजे तयार फोटो 'वेब' फोल्डरमध्ये टाक, मूळ फोटो जिथल्या तिथे राहू दे. ते फोल्डर आधी केलेलं असावं लागतं.

'-ऑटो-ओरिएंट' का? फोन उभा धरून काढलेला फोटो फाइलीत अनेकदा आडवाच साठवलेला असतो, आणि सोबत एक चिठ्ठी असते की दाखवताना उभा करून दाखवा. पुढे आपण सगळ्या चिठ्ठ्या फाडणार आहोत. म्हणून फाडण्याआधी चिठ्ठीत लिहिलंय तसं फोटोला खरंच फिरवून घ्यायचं. हा शब्द विसरलात तर नारळाची झाडं आडवी पडलेली दिसतील.

'-रिसाइझ'ने फोटो १६०० बाय १६०० च्या चौकटीत बसतो. प्रमाण बिघडत नाही, लांब बाजू १६०० होते, दुसरी आपोआप ठरते. शेवटचं '>' हे चिन्ह सांगतं की मोठा असेल तरच लहान कर, लहान असेल तर ताणू नकोस. इथे बहिणीची पहिली फसगत झाली. मी सांगितलं, "सोळाशे एक्स सोळाशे, मग मोठं असल्याचं चिन्ह." तिने टाइप केलं, पण अवतरणचिन्हांशिवाय. टर्मिनलमध्ये मोकळ्या '>' चा अर्थच वेगळा: डावीकडच्या आज्ञेचं उत्तर उजवीकडच्या नावाच्या फाइलीत ओत. म्हणजे पुढचा शब्द, '-स्ट्रिप', तिथे फाइलीचं नाव ठरला! आज्ञा चालली, कुठे चूक आली नाही, आणि फोल्डरमध्ये '-स्ट्रिप' नावाची एक रिकामी फाइल येऊन बसली. ती काढायला गेलं तर 'आरएम' तिला पर्याय समजतो आणि तक्रार करतो. अशा वेळी नावाआधी ठिपका आणि तिरपी रेघ लावायची:

आरएम ./-स्ट्रिप

विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीत एकेरी अवतरणचिन्हं चालत नाहीत, तिथे दुहेरी घ्या.

'-स्ट्रिप' म्हणजे चिठ्ठ्या फाडणं. फोटोसोबत एक्झिफ नावाची माहिती असते: कॅमेरा कोणता, वेळ काय, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशसुद्धा. होमस्टेचा पत्ता जगाला कळलेलाच बरा, पण तुमच्या घरच्या लेकरांचे फोटो सार्वजनिक करताना ही माहिती जायलाच हवी. तीत एक छोटं थंबनेलही असू शकतं, आणि लहान फाइलींत त्याचं वजन चांगलंच जाणवतं.

मात्र '-स्ट्रिप' रंगाचं प्रोफाइलही फाडतो. आयफोन डिस्प्ले पी-थ्री नावाच्या रुंद रंगपट्ट्यात फोटो काढतो. प्रोफाइल गेलं की ब्राउझर त्याला साधा एसआरजीबी समजतो आणि रंग थोडे उतरलेले दिसतात. समुद्राचा निळा आणि जास्वंदीचा लाल अचानक धुतल्यासारखा वाटला तर कारण हेच. तेव्हा '-स्ट्रिप' काढून त्या जागी हे लिहा:

+प्रोफाइल '!आयसीसी,*'

म्हणजे रंगाचं प्रोफाइल सोडून बाकी सगळं काढ. इथेही अवतरणचिन्हं एकेरीच. दुहेरी घातली तर उद्गारचिन्हावरून टर्मिनल तुमच्या जुन्या आज्ञा उकरायला जातो.

क्वालिटीचा आकडा

८० बहुतेक फोटोंना पुरतो. खाली ७५ पर्यंत मी निर्धास्त जातो, ७० च्या खाली जाताना फोटो डोळ्यांनी बघून घेतो. वरच्या बाजूला इमेजमॅजिकची एक सवय माहीत असू द्या: ९० आणि त्यावर तो रंगाची माहिती अर्धी करणं सोडून देतो. म्हणून ८९ वरून ९० वर गेलं की फाइल एका आकड्याच्या मानाने उगाचच फुगते. आकडाच दिला नाही तर तो मूळ फोटोची क्वालिटी ओळखून तीच पुढे चालवतो, आणि ओळखता आली नाही तर ९२ धरतो.

तपासायचं कुठे? सगळ्या फोटोवर नजर फिरवून काही कळत नाही. तीन जागा बघा. स्वच्छ आकाश किंवा रंगवलेली भिंत: तिथे आठ-बाय-आठचे चौकोन आधी उमटतात. पाटीवरची अक्षरं: कडांभोवती डास घोंघावल्यासारखे ठिपके येतात. आणि गडद लाल रंगाची कड. लाल नऊवारी हिरव्या झाडापुढे असेल तर रंगाची अर्धी माहिती तिथे पुरत नाही आणि लाल कडेबाहेर सांडल्यासारखा दिसतो. अशा एखाद-दुसऱ्या फोटोसाठी आज्ञेत '-सॅम्पलिंग-फॅक्टर ४:४:४' घाला. फाइल थोडी वाढेल, पण साडी साडीच्या जागी राहील.

एकदा पिळलेला जेपीजी पुन्हा पिळू नका. प्रत्येक वेळी ठोकळमान नव्याने होतं आणि नुकसान साठत जातं. आकडा पटला नाही तर 'वेब'मधले फोटो फेकून द्या आणि मूळ फोटोंवरून पुन्हा सुरुवात करा. मूळ फोटो जपले ते यासाठीच.

मापं ठीक आहेत, फक्त फाइल जरा हलकी हवी, अशा वेळी जेपेगऑप्टिम बरा:

जेपेगऑप्टिम --मॅक्स=८० --डेस्ट=वेब *.जेपीजी

'--मॅक्स' दिलंच नाही तर तो चित्राचा एकही ठिपका न बदलता फक्त आतली मांडणी घट्ट करतो. बचत थोडी होते, पण फुकटात. तो मापं बदलत नाही, एवढं लक्षात असू द्या.

पीएनजी हा वेगळा प्राणी

स्क्रीनशॉट, लोगो, नकाशा, क्यूआर कोड यांना जेपीजी करू नका. अक्षरांच्या कडा फाटतात. पीएनजीत काही फेकलं जात नाही, म्हणून तिथे 'क्वालिटी ८०'ने वजन जात नाही. खरी बचत रंग कमी करण्यात आहे:

पीएनजीक्वांट --क्वालिटी=६५-८० लोगो.पीएनजी

हा चित्र जास्तीत जास्त २५६ रंगांत बसवतो आणि नावाला शेपूट जोडून नवी फाइल करतो, मूळ तशीच राहते. ६५ इतकाही दर्जा साधत नसेल तर तो फाइल लिहीतच नाही. हे मला आवडतं. एकही ठिपका बदलायचा नसेल तर 'ऑप्टिपीएनजी -ओ२ लोगो.पीएनजी', पण हा मूळ फाइलच बदलतो, तेव्हा आधी प्रत काढा. आणि कुणी फोटोच पीएनजीत ठेवला असेल तर तो सरळ जेपीजी करा, उगाच झटापट नको.

वेबपीबद्दल थोडक्यात. फोटो साठवण्याचा हा आणखी एक प्रकार गूगलने २०१० मध्ये आणला, आता सगळे नवे ब्राउझर तो दाखवतात, आणि फोटो जेपीजीपेक्षा बहुधा हलका होतो. 'सीवेबपी' एका वेळी एकच फाइल घेतो, म्हणून फेरा लावावा लागतो:

फॉर एफ इन *.जेपीजी; डू सीवेबपी -क्यू ७५ "$एफ" -ओ "$एफ.वेबपी"; डन

दुहेरी अवतरणचिन्हं नावात मोकळी जागा असलेल्या फाइलींसाठी. मघाशी सांगितलेली उभं करण्याची चिठ्ठी सीवेबपी वाचत नाही, म्हणून हा फेरा मूळ फोटोंवर न लावता 'वेब'मधल्या, आधी सरळ केलेल्या फोटोंवर लावा. मग हे दुसऱ्यांदा पिळणं झालं ना? झालं. त्याचं नुकसान कमी करायचं तर पहिल्या आज्ञेत क्वालिटी ९५ ठेवून मधली प्रत काढायची. होमस्टेच्या साइटसाठी मी एवढं केलं नाही.

फॉर्मचा फोटो: इथे उलटं दुखणं

गावाकडून सगळ्यांत जास्त फोन येतात ते याचे. आयबीपीएसच्या बँक भरतीत फोटो २० ते ५० केबी, शक्यतो २०० बाय २३० ठिपके. सही १० ते २० केबी, शक्यतो १४० बाय ६०. इतर परीक्षांची मापं वेगळी असतात, ती त्या वेळच्या जाहिरातीत बघायची. फोटोसाठी:

मॅजिक फोटो.जेपीजी -ऑटो-ओरिएंट -रिसाइझ '२००एक्स२३०^' -ग्रॅव्हिटी सेंटर -एक्स्टेंट २००एक्स२३० -स्ट्रिप -डिफाइन जेपेग:एक्स्टेंट=४८केबी फॉर्म.जेपीजी

'^' म्हणजे चौकट पूर्ण भरेल इतका ठेव, आणि '-एक्स्टेंट' उरलेल्या कडा छाटतो. केस किंवा हनुवटी छाटली गेली तर फोटो आधी हाताने कापून घ्या. शेवटच्या '-डिफाइन'मुळे इमेजमॅजिक स्वतः क्वालिटीचे आकडे लावून बघतो आणि ४८ केबीच्या आत बसणारा निवडतो. ५० न लिहिता ४८ का? कुणी केबी म्हणजे १००० बाइट धरतं, कुणी १०२४. काठावर कशाला उभं राहायचं! वजन बघताना 'एलएस -एल' वापरा, तो बाइट दाखवतो. 'डीयू' फाइलीने डिस्कवर किती जागा अडवली ते सांगतो, त्यामुळे छोट्या फाइलीचा आकडा फुगलेला दिसतो.

सहीचं दुखणं उलटं. १४० बाय ६० म्हणजे जेमतेम ८४०० ठिपके. त्यात पांढऱ्या कागदावर काळी रेघ. क्वालिटी १०० केली तरी फाइल १० केबीला पोचत नाही, आणि फॉर्म म्हणतो फाइल फार लहान आहे. पोरं रात्री अकरा वाजता इथेच अडकतात. 'शक्यतो' असं लिहिलेलं असेल तर दोन्ही बाजू दुप्पट करा, २८० बाय १२०. प्रमाण तेच राहतं, ठिपके चौपट होतात, वजन वर येतं:

मॅजिक सही.जेपीजी -ऑटो-ओरिएंट -रिसाइझ २८०एक्स१२० -लेव्हल २५%,७५% -स्ट्रिप -क्वालिटी १०० सही-फॉर्म.जेपीजी

'-लेव्हल'ने ट्यूबलाइटखाली करडा आलेला कागद पांढरा होतो आणि शाई काळी. सही फिकट झाली तर ७५ चे ८५ करा. २० केबीच्या वर गेली तर क्वालिटी पाच-पाचने खाली आणा.

रोजचं काम

दरवेळी एवढी लांब ओळ कोण टाइप करणार? 'बारीक.एसएच' नावाची साधी टेक्स्ट फाइल करा आणि तिच्यात दोन ओळी ठेवा: 'एमकेडीआयआर -पी वेब', आणि खाली दुसऱ्या पायरीतली मॉग्रिफायची ओळ. '-पी'मुळे फोल्डर आधीपासून असलं तरी कुरकुर होत नाही. मग फोटोंच्या फोल्डरमध्ये ती फाइल टाकून एवढंच म्हणायचं:

बाश बारीक.एसएच

बहिणीने एंटर दाबलं आणि फोन तसाच कानाला धरून ठेवला. अर्ध्या मिनिटाने म्हणाली, "दादा, काहीच होत नाही रे. नुसता कर्सर लुकलुकतोय."

"थांब. तो कामात आहे. चूक असेल तरच बोलतो."

तीनेक मिनिटांनी ओळ परत आली. मी तिला 'डीयू -एसएच वेब' टाइप करायला सांगितलं. तिने आकडा वाचला, "एकशे चार, पुढे एम." मग जरा थांबून, "बाकीचे कुठे गेले?"

कुठेच गेले नव्हते. तीनशे बाराच्या तीनशे बारा होते.